भागिरथाबाईची बिनसहीची तलवार

किन्हीराजात गिरणीवर दळण घेऊन बसा, दळण होईपर्यंत कोणीतरी तुम्हाला सांगेलच की भागिरथाबाईच्या घरी जपानी तलवार होती आणि तिच्यावर जपान्याचं रक्त होतं. साधं नाही, ओलं. "तीस वर्षं झाले, पन वल्लं हाय," असं सांगणारा माणूस आवाज खाली घ्यायचा, गिरणीच्या पट्ट्याकडे एकदा बघायचा, जणू पट्टाही ऐकतोय, आणि मग म्हणायचा, "बुढी पुसत नाही. पुसलं तं जपान्या येते मांगाले." मागायला आलेला जपान्या किन्हीराजाच्या फाट्यावर एसटीतून उतरून कोणाला पत्ता विचारेल आणि कोणत्या भाषेत, हे मात्र कोणी सांगत नसे.

यातलं रक्ताचं एक अक्षरही खरं नाही. भागिरथाबाईच्या घरात रक्त तर सोडाच, चहाच्या कपाची गोल खूणसुद्धा टिकत नव्हती. तिचा नवरा इंद्रभान लढाईत होता, पण त्याच्या हाताखाली खेचरं होती, बंदूक नावाला. ब्रह्मदेशाच्या डोंगरात त्यानं खेचरं हाकली, खेचरांच्या लाथा खाल्ल्या, आणि जपान्यांना त्यानं जवळून बघितलं ते लढाई संपल्यावर, शस्त्रं खाली ठेवून उकिडवे बसलेले. तलवारीवर कोणाचं रक्त सांडलं असेल तर ते भागिरथाबाईचं, दरवर्षी पातं पुसताना बोटाला लागलेलं, आणि तेही तिनं लगेच पुसलेलं.

पुसणं, घासणं, सारवणं हा त्या बाईचा स्वभाव नव्हता, ते तिचं उत्तर होतं. लहानपणी तिनं गावाच्या विहिरीवर दुरून ओंजळ धरली होती. छप्पन साली वस्तीनं देव गाठोड्यात बांधून नदीला दिले, बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावला, तेव्हापासून भागिरथाबाईनं मनाशी एक ठरवलं होतं: आता कोणाच्या बापाला आपल्या घरात येऊन नाक मुरडायला जागा ठेवायची नाही. तिच्या दारातला पाण्याचा पितळी गुंड असा झळकायचा की शेजारची गंगू त्यात बघून कुंकू सारखं करायची. गंगू म्हणायची, "बाई, तुह्या गुंडात माह्यं तोंड माह्या आरशापेक्षा गोरं दिसते."

इंद्रभान मात्र घासण्यातला नव्हता, सांगण्यातला होता. गावात त्याचं एकच सांगणं. लढाई संपल्यावर मैदानात तलवारींचा ढीग लागला. चांदीच्या मुठीच्या, फुलांच्या, नक्षीच्या होत्या त्या साहेबांनी उचलल्या. मग गोऱ्या साहेबानं खेचरवाल्यांना म्हटलं, घ्या एकेक. राहिल्या होत्या साध्यासुध्या. इंद्रभानच्या हाताला लागली ती अगदीच दरिद्री, चामड्याच्या खोळीतली, मूठ घामानं काळी पडलेली. तो ती घेऊन निघाला तर उकिडव्या बसलेल्या कैद्यांतला एक म्हातारा जपानी अधिकारी उभा राहिला.

"उभा राह्यला, आन वाकला," इंद्रभान सांगायचा. इथं तो स्वतः उठून वाकून दाखवायचा, कंबरेत चमक भरेपर्यंत. "मले नाही वाकला. मी म्हनलं, मले कायले वाकते थो? तलवारीले वाकला. आन मंग चार बोटं दाखोली. चार."

"चार काय?" हॉटेलातली पोरं विचारायची, दर वेळी, उत्तर पाठ असून.

"चारशे वर्षं."

"चारशेच काहून, इंद्रभानबुवा? अजून वीस लावा."

अख्खं हॉटेल हसायचं. हे वीस पहिल्यांदा लागले त्या दिवसापासून त्याचं नाव चारशेवीस पडलं ते मरेपर्यंत. भागिरथाबाई दळण घेऊन चालली की मागून यायचं, "चारशेवीसची बायको चालली." ती वळून बघत नसे. घरी मात्र तिनं एकदा इंद्रभानला विचारलं होतं, "चार बोटं म्हनजे चार पोरं असतीन त्याले. तुमी चारशे कुठून आनले?" इंद्रभाननं तलवारीकडे बघितलं. मग म्हणाला, "पोरं सांगाले मानूस वाकत नाही." त्यानंतर तिनं पुन्हा विचारलं नाही. तो गेला तेव्हा त्याच्या नावावर वावर नव्हतं, पदक नव्हतं, पलटणीचा फोटोसुद्धा नव्हता. होती ती तलवार आणि ते नाव. तलवार चारशे वर्षांची निघाली तर नाव पुसलं जाणार होतं, आणि पुसणं हे भागिरथाबाईचं काम.

आणीबाणीच्या दुसऱ्या वर्षी, पोळ्याच्या आधी, ठाण्यातला भाऊसिंग जमादार वस्तीत आला. हा माणूस वाईट नव्हता, पण बोलायला लागला की ढेकर आल्यासारखं प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्याच्या तोंडून 'समजलं का' बाहेर पडायचं. सायकल भिंतीला लावून तो म्हणाला, "भागिरथाबाई, वरून हुकूम आला. समजलं का. घरात भाला, गुप्ती, तलवार काही ठेवता येत नाही. समजलं का. पाटलाच्या घरच्या दोन जमा झाल्या."

"माही तलवार कोनाले काय करते, जमादार? म्यानातून निंगत बी नाही सालभर."

"मी कुठं म्हनलं करते म्हनून. हुकूम म्हनजे हुकूम." मग त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "एक रस्ता हाय. शंभर वर्षांच्या वरची चीज असंल, आन सरकारी मानसानं तसं कागदावर लिहून देल्लं, तं ते हत्यार नाही, पुरानी वस्तू होते. समजलं का. मंग घरात ठेवा, नाहीतं फोटोखाली टांगा. पोळ्यापर्यंत कागद आना. नाहीतं मले न्या लागंल."

"शंभर काय, चारशेची हाय," भागिरथाबाई म्हणाली.

भाऊसिंगनं हसू दाबलं. त्याच्या मिशीनं दाबलं नाही.

दुसऱ्याच दिवशी ती कारंज्याला गेली, हुकूमचंद शेठच्या भांड्यांच्या दुकानात. दुकान पितळेचं, पण शेठला जुन्या वस्तूंचा नाद. मोडीत आलेला जुना गडू तो वितळवायला न देता कोनाड्यात ठेवायचा, टिचकी मारायचा, कान लावायचा आणि "हं... हं..." करत तराजूसारखा मान डोलवायचा. भागिरथाबाई त्याची जुनी गिऱ्हाईक. भांडं घ्यायच्या आधी तीही टिचकी मारून बघायची, आणि त्या एका गोष्टीमुळे शेठ तिला ओळखीत ठेवून होता.

तिनं सगळं सांगितलं. शेठ ऐकत होता, पण तलवार म्हटल्यावर त्याचे हात आपोआप पाठीमागे गेले.

"बाई, एक बात पहले. शस्त्र मी घेत नाही, ठेवत नाही, कोणाला उसनंही देत नाही. आमच्यात हिंसादान म्हणतात त्याला. आमच्या घरची अंगुरीबाई शेजारणीला विळासुद्धा देत नाही, म्हणते भाजी मी चिरून देते. तेव्हा दुकानात आणू नका."

"घ्या म्हनत नाही मी. पारख कोन करन, तेवढं सांगा."

"हं... हं... पारख." शेठनं डोळे मिटले. "नागपूरच्या अजबखान्यातले, सरकारी म्युझियममधले, एक साहेब येणार आहेत पुढच्या आठवड्यात, आमच्या मंदिरातल्या जुन्या पोथ्या बघायला. त्यांना हत्यारांतलं समजतं, जपानी तर फार समजतं. मी बोलून ठेवतो. सामनेच्या कापसाच्या जिनच्या आवारात बघतील ते. तिथं माझं काही नाही." मग त्यानं डोळे उघडले. "सही असते म्हणे या तलवारींवर. बाहेर नाही. मूठ काढली की आत पात्याचं शेपूट असतं, त्याच्यावर. साहेब मूठ काढून तेच बघतात पहिले. तुम्ही जशी आहे तशी आणा."

जशी आहे तशी. शेठच्या मनात काही नव्हतं. त्यानं हे वाक्य गडू आणणाऱ्या प्रत्येकाला सांगितलेलं असणार. पण भागिरथाबाईच्या कानाला ते दुसरीकडून लागलं. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून ती तेच चघळत होती. जशी आहे तशी. म्हणजे यांच्या घरची वस्तू, मळकीच असणार, असू द्या. तिला विहिरीवरची ओंजळ आठवली. आजवर त्या तलवारीचं पातं तिनं पुसलं होतं, म्यान पुसलं होतं, पण मुठीच्या आत तिचा हात कधी गेला नव्हता. आणि साहेब पहिलं तेच बघणार.

साहेब यायच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं गंगूला हाक मारली. दोघींनी खिळ्यानं आणि दगडानं मुठीतली बांबूची खुंटी ठोकून काढली. मूठ ओढली तशी ती कुरकुरली आणि निघाली.

आतलं पात्याचं शेपूट काळं होतं. काळं म्हणजे कसं, तर जळालेल्या तव्याच्या बुडासारखं, दाट, खरबरीत, बोटाला थंड. त्यात दोन भोकं. अक्षर एकही नाही.

"अगं माय," गंगू म्हणाली. "हे तं निरा गंजून गेलं. हे दाखोतं का तू सायबाले?"

"खाली असंल नाव. गंजाखाली."

"मंग घास. तुले कोनी सांगा लागते का घासाले?"

भागिरथाबाई घासायला बसली. चिंचेचा कोळ, राख, विटेचा चुरा, नारळाची शेंडी. सकाळी बसली ती दुपार टळेपर्यंत उठली नाही. गंगू मधूनमधून येऊन बातमी घेऊन जायची. "निंगालं का नाव?" "नाही." "अजून चिच देऊ का?" "दे." आयुष्यभर तिनं गुंड घासले, ताटं घासली, चुलीवरचे डेग घासले, पण हे घासताना तिच्या अंगात वेगळंच बळ आलं होतं. आपल्या माणसाच्या नावावरची घाणच ती काढत होती. चुरा बोटांच्या चिरांत गेला, नखं लाल झाली. शेवटी पाणी ओतलं आणि शेपूट उन्हात धरलं, तर ते ताटासारखं पांढरं लखलखलं.

नाव नव्हतंच. पण घाणही नव्हती.

"नाव नसन तं नसन," भागिरथाबाई म्हणाली. "आता कोनी म्हनू शकत नाही का भागिरथाची वस्तू मळकी हाय."

गंगूनं त्या शेपटात बघून कुंकू सारखं केलं.

ठरलेल्या दिवशी दोघी कारंज्याला निघाल्या. मूठ परत बसवलेली तलवार गोधडीत, गोधडीभोवती तुराट्या. कंडक्टरनं गोधडी बोटानं चाचपून विचारलं, "लांबलचक काय हाय हे?" गंगूनं क्षणाचाही उशीर न लावता सांगितलं, "पाळन्याचा दांडा. सून बाळतीन हाय." कंडक्टरनं गंगूच्या वयाकडे बघितलं, गोधडीकडे बघितलं आणि 'मुलगा का मुलगी' एवढंच विचारून पुढे गेला.

जिनचं आवार पावसाळ्यात मोकळं. एका कोपऱ्यात कापसाची जुनी गठाण पडलेली, तिच्यावर निंबाची सावली. साहेब आधीच येऊन बसले होते. बारीक, पांढऱ्या पायजम्यातले, बोलणं पुस्तकातलं, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी एक 'असं आहे बघा' ठेवायची सवय, पाटावर पान ठेवतात तशी. हुकूमचंद शेठ फाटकाशी उभा, हात पाठीमागे बांधून, अर्धा आत, अर्धा बाहेर.

साहेबांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, घडी केली आणि तोंडात धरला.

भागिरथाबाईचा चेहरा खर्रकन उतरला. ती गंगूला हलक्या आवाजात म्हणाली, "पाह्य. अजून तलवार सोडली बी नाही, आन तोंडाले फडकं."

"आपल्या वासानं का?"

"मंग कायच्या?"

साहेबांना ऐकू गेलं. त्यांनी रुमाल काढला. "असं आहे बघा, ताई, ते तुमच्यासाठी नाही. माझ्या श्वासाची वाफ पात्यावर बसली तर डाग पडतो. म्हणून तोंड बंद ठेवायचं. जपानमध्ये तसा रिवाज आहे." आणि रुमाल परत तोंडात. भागिरथाबाई लाजली. तिला वाटलं, माणूस चांगला आहे. हा लिहून देईल.

साहेबांनी तलवार दोन्ही हातांनी घेतली. म्यान काढायच्या आधी मान लववली. भागिरथाबाईनं गंगूचा दंड धरला. तसंच, अगदी तसंच, इंद्रभान हॉटेलात दाखवायचा, लोकांचं हसू झेलत. कोणीतरी पुन्हा तलवारीला वाकलं होतं.

पातं बाहेर आलं. साहेबांनी ते उजेडाकडे धरलं, तिरपं केलं, सरळ केलं, डोळ्यांच्या रेषेत धरून लांबवर बघितलं. बराच वेळ गेला. धारेच्या वर एक पांढुरकी लाट पळत होती, पेरणीआधीच्या ढगाच्या कडेसारखी. भागिरथाबाईनं ती लाट दरवर्षी पुसताना बघितली होती आणि तो जुना डाग समजून निघत नाही म्हणून तिला वाईट वाटत आलं होतं. साहेबांनी रुमाल काढला.

"असं आहे बघा. खोळ लष्करी आहे, कारखान्यातली. पण पातं कारखान्यातलं वाटत नाही. कारखान्यात अशी लाट येत नाही. मोठं पातं पुढे कोणीतरी बुडाकडून कापून आखूड केलंय, तशी ठेवण दिसते. कापलं की सहीचा भाग जातो. म्हणून कित्येक फार जुन्या तलवारींवर सही नसते." त्यांचा आवाज भराभर चालायला लागला. हा माणूस आता पुस्तकातून बाहेर आला होता. "सही नसली तरी बिघडत नाही. वय शेपटावर लिहिलेलं असतं. तेवढं बघू, मग मी लगेच लिहून देतो."

फाटकाशी शेठ म्हणाला, "हं... हं..."

साहेबांनी लहानशा लाकडी हातोडीनं खुंटी काढली, मुठीवर मनगट आपटलं, मूठ सैल झाली. ती निघाली आणि शेपूट निंबाखाली चमकलं.

 त्यांनी अंगठा शेपटावरून फिरवला, एकदा वर, एकदा खाली, जसा माणूस ओळखीच्या दारावर हात फिरवतो आणि आत कोणी राहत नाही हे त्याला कळतं.

"हे कधी घासलं?"

"काल," भागिरथाबाई म्हणाली. आवाजात थोडा अभिमान होता. "सकाळपासून बसली होती मी. तुमी येनार म्हनून. गयरं काळं होतं, सायेब. दाखोयासारखं नव्हतं."

"काळं," साहेब म्हणाले. "कसं काळं? लालसर?"

"नाही नाही. निरा तव्यासारखं. दाट."

साहेब गठाणीवर बसले. रुमालानं त्यांनी कपाळ पुसलं, आणि आता त्या रुमालाचं पात्याशी काही काम राहिलं नव्हतं. "असं आहे बघा, ताई," ते म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांना सापडेना. मग हळूहळू बोलले. "तो गंज नव्हता. म्हणजे गंजच होता. पण तोच तर वाचायचा असतो. शंभर वर्षांचा गंज वेगळा, तीनशेचा वेगळा, पाचशेचा वेगळा. रंगावरून, दाटपणावरून कळतं. कापल्यानंतर किती काळ गेला तेही त्यावरूनच. कापलेल्या जागेवरच्या कानशीच्या खुणाही त्याखालीच दिसतात. म्हणून जपानात या भागाला कोणी कधी हात लावत नाही. पिढ्यान् पिढ्या."

भागिरथाबाईला आधी समजलं नाही. गंगूला समजलं, कारण गंगूनं पदर तोंडावर घेतला.

"मंग आता?"

"आता हे काल केलेल्या लोखंडासारखं दिसतं."

निंबावर कावळा ओरडत होता. शेठनं मान डोलवायचं थांबवलं होतं. भागिरथाबाई आपल्या हातांकडे बघत होती, विटेच्या चुऱ्यानं लाल झालेल्या बोटांकडे. मग ती पुढे झाली आणि अगदी साध्या आवाजात, दुकानात वाटी मागावी तशी, म्हणाली, "सायेब, परत गंजोऊ का? मीठ लावतो, वल्ल्या फडक्यात ठेवतो. पावसाया हाय. लवकर चढन."

"नवा गंज लाल येतो, ताई. काळा व्हायला ती चारशे वर्षंच लागतील."

चारशे हा आकडा त्यांना कोणी सांगितला नव्हता. तो त्यांच्या तोंडून आपला आपण आला. भागिरथाबाईनं तो धरला, पुरात वाहणारा माणूस फांदी धरतो तसा.

"म्हनजे तुमाले वाटते चारशे."

"मला वाटतं, हो. जुनी आहे असं मला वाटतं."

"मंग लिवा."

"वाटतं ते लिहिता येत नाही. दिसतं ते लिहावं लागतं. खाली माझी सही, वर सरकारचा शिक्का. उद्या कोणी विचारलं कशावरून, तर मी काय दाखवू?"

"मले दाखवा," भागिरथाबाई म्हणाली. "म्हना का या बाईनं घासलं. माह्या हाताले चुरा हाय अजून. मी सांगतो ना कसं काळं होतं. गंगू सांगन."

"मी सांगतो," गंगू पदरातून म्हणाली.

साहेबांनी खूप वेळ कागद मांडीवर ठेवला. तो माणूस लबाड असता तर बरं झालं असतं. लबाड माणसापुढे आर्जव करता येतं, पाया पडता येतं. प्रामाणिक माणसापुढे काही चालत नाही. त्यांनी लिहिलं: पात्याची लांबी, जाडी, वाक, धारेवरील लाटेचे वर्णन, दोन छिद्रे. सही नाही. शेपटाचा पृष्ठभाग अलीकडे घासल्यामुळे कालनिश्चिती शक्य नाही. त्यांनी ते तिला वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य वाचताना आवाज पुन्हा पुस्तकात गेला. निघताना त्यांनी तलवारीला परत मान लववली. या वेळी भागिरथाबाईनं बघितलं नाही.

शेठनं फाटकातून जाताना म्हटलं, "बाई, माझं चुकलं. मी समजावून सांगायला पाहिजे होतं."

"तुमी सांगतलं होतं," ती म्हणाली. "जशी हाय तशी. मीच दुसरं आयकलं."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या शिंगांना रंग चढत असताना ती स्वतः तलवार घेऊन ठाण्यात गेली. भाऊसिंगनं कागद घेतला, ओठ हलवत वाचला. वाचता वाचता त्याचा 'समजलं का' हळूहळू बंद पडला.

"सही नाही. काळ नाही. मंग हे काय लिहू मी?"

"तलवार लिवा. इंद्रभानची."

"मालकाचं नाव हाय, भागिरथाबाई. चीजेचं काय लिहू?" त्यानं पेन कानावर ठेवलं, काढलं, परत ठेवलं. त्याला वाईट वाटत होतं आणि वाईट वाटल्यावर काय करायचं हे हुकमात नव्हतं. कपाटात पाटलाच्या तलवारी उभ्या होत्या, पितळी मुठींच्या. त्यानं ही त्यांच्याशेजारी उभी केली. ती लहान दिसत होती, पाहुण्यांच्या पंगतीला कडेला बसवलेल्या माणसासारखी.

त्यानंतर भागिरथाबाईच्या दारातला गुंड काळवंडायला लागला. गंगूनं एकदा राख घेऊन हात लावला तर भागिरथाबाईनं तो हातातून काढून घेतला. "राहू दे," म्हणाली. हिरवट डाग पडले, मग बुडाशी पापुद्रा धरला. घर सारवलेलं होतं, चूल पोतारलेली होती, पण भांड्याला ती हात लावीना. वस्तीत कुजबूज झाली. हॉटेलात कोणी 'चारशेवीस' म्हटलं तरी आता तिच्या पाठीला कळत नसे. एकदा गंगूनं रागानं विचारलं, "किती दिवस हे? एक तलवार गेली, घर नाही गेलं." भागिरथाबाई म्हणाली, "थ्यो मेला तवा मी रडली नाही, गंगू. म्हनलं, त्याचं बोलनं हाय ना घरात. थे मी माह्या हातानं धुतलं." गंगू उठून गेली. 

पुढच्या उन्हाळ्यात दिल्लीतलं राज्य बदललं आणि जमा केलेली हत्यारं परत मिळायला लागली. पाटलाच्या दोन्ही तलवारी आल्या, कोणाची गुप्ती आली. भागिरथाबाईलाही ठाण्यातून निरोप आला. त्या दिवशी वस्तीतलं एक नकलाखोर पोट्टं, म्हणजे हे लिहिणारं, तिच्या उंबऱ्यावर बसून जमादाराचा 'समजलं का' काढत होतं. तिनं हसण्यासारखं काही केलं नाही, पण पायात चप्पल घातली. पोट्ट्याला वाटलं, आता सगळं नीट होईल. म्हणालं, "मावशी, जाशीन तं तलवार घेऊनच येशीन. लावतं का पैज?"

"तू काय हारशीन?"

"पावभर जिलबी."

"लाव," ती म्हणाली.

ती दुपारी परत आली. हात रिकामे. गंगू धावत आली. "नव्हती का? हरवली का मेल्यानं?"

"होती. तशीच उभी होती कपाटात. जमादारानं काढून बी ठेवली होती, खोळ पुसून."

"मंग?"

भागिरथाबाई भिंतीला टेकून बसली. "घ्याच्या आधी कागदावर सही मांगतली. मी म्हनलं वाचा. तं थ्यो वाचे ना. मी म्हनलं वाचा, जमादार. मंग वाचलं. 'लोखंडी पट्टी एक, जुनाट, निरुपयोगी, मिळाली.' वरच्या हापिसातून तसंच लिहून आलं म्हने. थ्यो म्हनते, बाई, कागदाले काय होते, सही करा आन घेऊन जा. मी म्हनलं, अंगठा देत असतो तं देल्ला असता. पन मले सही येते. भागिरथा इंद्रभान. थे नाव त्याच्याखाली लिवू का, का माह्या मानसानं लोखंडाची पट्टी आनली होती म्हनून?"

गंगूनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं, पन घरात आली असती ना."

"आली असती," भागिरथाबाई म्हणाली. 

बाजाराच्या दिवशी पोट्ट्यानं जिलबी आणून दिली. पुडा कागदाचा, पाक बाहेर आलेला. तिनं तो सोडला, एक उचलली, अर्धी खाल्ली. "कडक हाय," म्हणाली.

"नोको खाऊ, मावशी. पैजेचं काय एवढं."

"खाते मानूस," ती म्हणाली. "जिंकली ना मी." आणि उरलेली अर्धी तोंडात घालून ती सावकाश चावत राहिली, समोर ठाण्याकडे जाणाऱ्या रस्त्याकडे बघत.